एकसष्टाव्या पानावरची बढाई

आमच्या कारखान्यात गेल्या वर्षी एकही अपघात झाला नाही. हे मी म्हणत नाही, कंपनीचा अहवाल म्हणत होता, तोही गुळगुळीत कागदावर, हिरव्या पानाफुलांच्या चित्रांसकट. नफ्यातोट्याचा अहवाल वेगळा. हा दुसरा, म्हणजे हवा, पाणी आणि माणसं यांची कंपनी किती काळजी घेते ते सांगणारा. त्याच्या कच्च्या प्रतीत चौतिसाव्या पानावर ठळक अक्षरांत होतं, 'कामाचे दिवस बुडवणारे अपघात : शून्य.' आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या उजव्या हाताची तीन बोटं पत्र्याच्या प्रेसखाली गेली होती.

हे शून्य कसं जमवतात तेही सांगते. स्टोअरच्या मागे एक खोली आहे, आम्ही तिला खुर्चीखोली म्हणतो. कुणाला लागलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची गाडी त्याच्या दारात हजर. पट्टी बांधलेल्या माणसाला आणायचं, चांगल्या हाताचा अंगठा हजेरीच्या यंत्रावर टेकवायचा आणि सुट्टी होईपर्यंत प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून ठेवायचं. पुढ्यात वॉशरचं घमेलं, त्यातले लहान-मोठे वेगळे करायचे. माणूस हजर म्हणजे दिवस बुडाला नाही, आणि दिवस बुडाला नाही म्हणजे अपघात झालाच नाही. धाकटी तिथे अडीच महिने बसली. वर 'घरी दारात बोटं चेमटली' असं लिहिलेल्या कागदावर, ती गोळ्यांच्या गुंगीत असताना, तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला.

आता तिला निरोप आला होता, सोमवारपासून पुन्हा प्रेसवर या, नाहीतर राजीनामा द्या. निरोप धाडणारे आमचे कामगार अधिकारी. तोंडात कायम साखर, म्हणून आम्ही त्यांना साखरसाहेब म्हणतो. प्रेस तीच, जिची संरक्षक जाळी काम भराभर उरकावं म्हणून त्यांनीच काढून ठेवली होती. कागदोपत्री तिथे काही घडलंच नव्हतं, मग जाळी परत बसवायची कशाला? धाकटी म्हणाली, जाईन, घर कोण चालवणार? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी कामगारांची प्रतिनिधी. दरवर्षी अहवालाची कच्ची प्रत आमच्यापुढे ठेवतात, चहा येतो, आणि 'कामगार प्रतिनिधींशी चर्चा झाली' याखाली सह्या घेतात. आम्ही चित्रं बघायचो, बिस्किटं खायचो, सही करायचो. मीही त्यातलीच, सांगायला लाज वाटते. या वर्षी मी म्हटलं, घरी नेऊन वाचते. साखरसाहेब हसले आणि म्हणाले, खुशाल न्या, झोप छान लागेल.

झोप कसली लागतेय? ओट्याशी उभी राहून मी पान न् पान वाचलं. एकसष्टाव्या पानावर दुसऱ्याच कुठल्यातरी खात्याने मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं, 'दुखापतीतून बऱ्या होत असलेल्या सहकाऱ्यांना हलके काम देऊन सांभाळले : ११४६ दिवस.' मी तीनदा वाचलं. एका पानावर कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं आणि दुसऱ्या पानावर माणसं अकराशे दिवस बरी होत होती. खुर्चीखोली एका पानावर लपवायची आणि दुसऱ्या पानावर जगापुढे मिरवायची, एवढी यांची मजल. मिरवण्याच्या नादात मागचं पान बघायचं मात्र राहून गेलं होतं.

सह्यांच्या बैठकीला अहवाल तपासणाऱ्या बाहेरच्या संस्थेच्या बाई आल्या होत्या. त्यांनी सही केल्याशिवाय माल घेणाऱ्या मोठ्या कंपन्या हा अहवाल मानत नाहीत, आणि सहीआधी आमचं म्हणणं ऐकणं त्यांना भाग होतं. मी दोन्ही पानं त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवली.

"कुणाला लागलंच नाही, तर इतके दिवस बरं कोण होत होतं?"

साखरसाहेब म्हणाले, कुणी घरी पडतं, कुणाला खेळताना लागतं. बाईंनी शांतपणे हलक्या कामाची यादी आणि दवाखान्याच्या चिठ्ठ्या मागवल्या. मग म्हणाल्या, त्या खोलीत बसलेल्या कुणाशी तरी मला बोलायचंय. मी धाकटीला बोलावणं पाठवलं.

ती दाराशी पोहोचते न पोहोचते तोच साखरसाहेब उठून बाहेर गेले आणि मलाही खुणेने बोलावलं. व्हरांड्यात त्यांचा आवाज आणखी गोड झाला.

"ताई, तुमच्या बहिणीचा अपघात नोंदवू. तिला पॅकिंगला बदलीही देऊ. एवढा एक नोंदवतो, बाकीचं राहू द्या."

खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. बहीण माझी होती आणि सोमवार चार दिवसांवर होता. मी तिच्याकडे पाहिलं.

"मी त्या खोलीत एकटी नव्हते, साहेब," धाकटी म्हणाली आणि सरळ आत जाऊन बाईंसमोर बसली.

तिने एकेकाचं सांगायला सुरुवात केली. डोळ्यात ठिणगी गेलेला वेल्डर. पायावर पेटी पडलेली हमालीण, हात पोळलेला भट्टीवाला. तारीख आठवली नाही तर कोण कुठल्या खुर्चीत बसायचं ते सांगायची, आणि बाई ते चिठ्ठ्यांशी ताडून बघायच्या. मी प्रतिनिधी, पण यातले निम्मे मला ठाऊक नव्हते. एकोणीस माणसं भरली. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, शून्यावर मी सही करणार नाही.

सोमवारी सकाळी प्रेसला जाळी लागली. धाकटी पॅकिंगला गेली. साखरसाहेब आता माझ्याशी कामापुरतंच बोलतात, त्यात साखर नसते.

छापील अहवाल आला तसा मी तो घेऊन तिच्या घरी गेले. चौतिसावं पान काढून दिलं. तिथे 'एकोणीस' छापलं होतं. तिने डाव्या हाताचं बोट त्या आकड्यावर ठेवलं आणि विचारलं, "यात माझं आलं ना, ताई?"

आलं, म्हटलं. तेव्हा, बोटं गेल्यापासून पहिल्यांदा, ती रडली.