उभ्यानं खाल्लेली भाकर

भीमाशंकर डॉक्टराची एक खोड मला मुळीच खपत न्हाई. नांदेडच्या दवाखान्यात त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टर पोरांनी त्याच्यासमोर बसायचं न्हाई. छत्तीस तासांची ड्यूटी झालेली असो, पाय सुजलेले असोत. माझी नात विशाखा लोह्याला घरी आली, तर चुलीपाशी उभ्यानंच भाकर खाऊन राहिली होती. "बस की," म्हनलं, तर म्हणती, "सवय मोडली, आज्जी. मी सोमवारी राजीनामा देते."

माझा सासरा जन्मभर पाटलाच्या दारात उभा राहिला. नात डॉक्टर झाली ती परत उभं राहायला? रविवारी डबा बांधला अन् तिच्यासंगं नांदेडची एसटी धरली.

दवाखान्याच्या वरच्या हॉलात रेणुका नावाची नाटकवाली बाई दर रविवारी या दमलेल्या पोरांकडून खेळ करून घेती. लिहिलेलं काही न्हाई. समोरचा बोलेल ते धरून पुढं बोलायचं. मनात साचलेलं निघतं म्हणे. विशाखा भिंतीला टेकून उभी. रेणुका मला म्हणाली, "आजी, तुम्ही मोठे साहेब व्हा. ही शिकाऊ डॉक्टर."

मी खुर्चीत ऐसपैस बसले. विशाखा पुढं येऊन उभी राहिली, मान खाली. साहेबानं खेकसायचं असतं, हे मला कुठं ठाऊक.

"जेवलीस का?" मी विचारलं.

पोरं हसली. ती हसली न्हाई. "न्हाई सर. वॉर्डात बावीस पेशंट हायेत."

"बस. तोवर पेशंट मी बघतो." मी डबा उघडून पुढं सारला.

ती मटकन खाली बसली. रडत रडत भाकर मोडली. बाकीची पोरंही डब्याभोवती सरकली.

तेवढ्यात दारात खरा साहेब. बाकीची सगळी ताडकन उठली. विशाखा अर्धी उठली, माझ्याकडं बघितलं, अन् परत बसली.

"हे काय तमाशे चाललेत?" भीमाशंकर म्हणाला.

"जेवून राहिले, सर," ती म्हणाली. घास हातातच.

तो माझ्याकडं वळला. "तुम्ही कोण?"

"आत्ता घडीभर मी तुम्हीच होते," मी म्हनलं. खुर्ची सोडली न्हाई. "साहेब होणं लई अवघड न्हाई. दमलेल्या लेकराला बस म्हणायचं. मला चौथी नापास असून जमलं, तुमाला एवढं शिकून जमलं न्हाई. राजीनामा-बिजीनामा काही येणार न्हाई. माझी नात उद्या कामाला येणार, अन् तुमच्यासमोर बसून जेवणार."