परकोट डाव्या हाताले

मित्रांनो, घडवंचीवर जन्मभर बसून राहणारे तांबे वेगळे आणि मी वेगळा! मी समुद्रपूरच्या देवकाबाईंचा, फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या. उलटा धरा, थेंब सांडला तर सांगा.

देवकाबाईंचं माहेर चांद्याचं. गोंडराजांनी बांधलेल्या परकोटाच्या आत त्या वाढल्या. लग्नात वडिलांनी मला त्यांच्यासोबत दिलं. पुढे शेतीच्या राबणुकीत आम्ही दोघंही म्हातारे झालो.

पंचावन्न साली त्यांचे चिरंजीव वासुदेवराव, कचेरीतले कारकून, बायकोला घेऊन चांदा पाहायला निघाले.

"माय, तुये गुडघे दुखतेत. तू कायले येतं?"

"माह्यं माहेर हाय ते!"

"बरं, चाल. पण थकली, त पुढच्या खेपेले घरीच बसजो."

अस्सा राग आला मला!

सकाळच्या मोटारीने जटपुरा दरवाजाशी उतरलो. अचलेश्वर दरवाजाशी जेवायचं ठरलं. वासुदेवराव म्हणाले, "गल्ल्यांतून जवळ पडते."

"परकोट डाव्या हाताले ठेवजो," देवकाबाई म्हणाल्या. "वाट चुकत नाई, अन् सकाळी त्याचीच सावली भेटते."

कोण ऐकतं! नवे बूट वाजवत स्वारी गल्लीत शिरली. सून यशोदा मात्र सासूबरोबर राहिली.

आम्ही भिंतीच्या सावलीतून निघालो. गुडघा कुरकुरला की बाई बसत, माझी फिरकी उघडून दोन घोट पीत आणि उठत. पण शेवटच्या वळणावर त्या मटकन खाली बसल्या. "नाई होत आता." माझ्या पोटातलं पाणी हललं. आता पुढची खेप कुठली!

"आत्याबाई, तो पाहा दरवाजा!" यशोदा ओरडली.

बाईंनी पदर खोचला. पोचलो की हो! आणि वासुदेवराव? त्यांचा पत्ताच नाही! जिंकलो आम्ही! मी उन्हात नुसता लखलखत होतो.

सूर्य डोक्यावर आल्यावर ते आले. हातात बूट, टाचेला फोड, घसा कोरडा. चुकले होते, पण कुणाला वाट विचारायची लाज वाटली म्हणे. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "घाम निवू दे आधी, मंग पेजो."

वासुदेवरावांनी मला घटाघटा रिकामं केलं, तोंड पुसलं आणि म्हणाले, "माय, पुढच्या खेपेले तूच समोर चालजो."

मित्रांनो, परकोटाचं गाव पाहायला जाल तेव्हा सकाळीच निघा, जुन्या चपला घाला, वाट विचारायला लाजू नका. त्या दगडांवर आपली नावं कोरू नका. मला चिंचेने घासा, आपटू नका. आणि घरच्या म्हातारीला मागे ठेवू नका. तिला पुढे चालू द्या. मी तिच्या हातात आहेच, काठोकाठ भरलेला!