बानाबाईंच्या अर्जावरचा नंबर

काळा रंग, पोटात दोन घंटा आणि छातीवर बोटाने फिरवायची डायल. मित्रांनो, हा मी, कन्नडच्या बाजारपेठेतला एक जुना टेलिफोन. माझा जन्म कारखान्यात झाला, त्यामुळे बालपण सांगण्यासारखे नाही.

रामकिसनशेठ यांच्या लोकर-दोरखंडाच्या दुकानात मला बसवले, तेव्हा आसपासच्या वस्त्यांवर दुसरा फोन नव्हता. लोक माझाच नंबर आपला म्हणून देत आणि त्यापुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरे जोडत. अर्थ एवढाच की फोन दुसऱ्याचा, निरोप आमचा. वाळूजच्या नव्या कारखान्यांत लागलेली मुले माझ्याकरवी खुशाली कळवत. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा पेटला, की ‘शहराकडची एसटी सुटली का?’ हा प्रश्न दिवसभर माझ्या तारेतून जाई. माझी स्तुती पुष्कळ झाली. तिचा माझ्या आवाजावर परिणाम झाल्याचे मला आढळले नाही.

पोरे उगाच नंबर फिरवत, म्हणून शेठजींनी माझ्या डायलला छोटे पितळी कुलूप घातले होते. अशा कुलपामुळे इथून नंबर लावता येत नाही. बाहेरून आलेला फोन मात्र वाजतो आणि उचलताही येतो. हे कोणीही तपासून पाहू शकले असते.

पंचायत समितीची निवडणूक लागली आणि मेंढपाळ वस्तीवरच्या बानाबाईंना एका पक्षाने तिकीट दिले. पाझर तलावावर मेंढरांना कोणी पाणी पिऊ देत नसे. तिथे हौद व्हावा, म्हणून त्या उभ्या राहिल्या. अर्जात उमेदवाराच्या संपर्काचा ठिकाणा द्यायचा होता. पावसाळा सोडला तर त्यांचे बिऱ्हाड फिरतीवर असे, म्हणून त्यांनी माझा नंबर दिला. तो खोटा ठरला असता, तर अर्ज बाद झाला असता.

छाननीच्या दुपारी मी वाजलो. शेठजींच्या पत्नी सरूबाई यांनी रिसीव्हर उचलला. पलीकडे निवडणूक अधिकारी होते, आणि त्यांच्यामागून विरोधी उमेदवाराचा माणूस कडूबा तावातावाने बोलत होता.

“सायेब, म्या सोता बघितलंय! त्या फोनला कुलूप हाये. बंद नंबर दिलाय बाईनं. हिचं बिऱ्हाड घोड्यावर. नोटीस काय मेंढराच्या गळ्यात बांधायची?”

तिथे उसळलेला हशाही मला ऐकू आला.

“हा नंबर चालू आहे का?” अधिकाऱ्यांनी विचारले.

“बंद असता तर म्या बोलले असते व्हय, साहेब?”

“बानाबाई कुठे भेटतील?”

“आत्ता? तुमच्याच पुढ्यात उभी असंल की. सकाळीच जीपनं धाडली तिला.”

“आणि एरवी?”

“बाजाराला येणाऱ्या मेंढक्याजवळ निरोप देते. परवा तिचा मालक बिरू घाटाखाली व्हता, दुसऱ्या दिशी हजर! आन् कडूबाभाऊला सांगा, कुलूप आमच्या पोरांच्या बोटांसाठी हाये. तुमी बाहेरून कितीबी वाजवा.”

अधिकाऱ्यांनी ते जसेच्या तसे सांगितले असावे, कारण पाठोपाठ बानाबाईंचा खणखणीत आवाज आला, “कडूबादादा, मेंढराच्या गळ्यात घंटी असती. ती लांबून ऐकू येती!”

या वेळचा हशा कडूबाच्या बाजूचा नव्हता. अधिकाऱ्यांनी हरकत फेटाळली. अर्ज वैध ठरला, आणि मतमोजणीच्या दिवशी विजयाची बातमी माझ्याच तारेवरून बाजारात आली. सरूबाईंनी ती दुकानाच्या पायरीवर उभे राहून ओरडून सांगितली. गुलाल माझ्या डायलच्या भोकांत शिरला. पुढे तलावाच्या काठी हौद झाला आणि मेंढरे पोटभर पाणी प्याली.

आज मी माळ्यावर आहे. घरातले मला निकामी म्हणतात. कोणत्या पुराव्यावर, ते सांगत नाहीत. मित्रांनो, जुन्या वस्तूची दया करू नका, तिची धूळ पुसा आणि चाचणी घ्या. तार जोडा, कान लावा, मगच निकाल द्या. माणसांनाही याहून अधिक काही लागत नाही.