आगीचे ठोके

तेगालजाती नावाच्या वस्तीतल्या गस्तीच्या चौकीत एक पोकळ लाकडी ओंडका टांगलेला होता, आणि वस्तीतलं शेंबडं पोरसुद्धा त्याची भाषा घडाघडा सांगायचं. एकेक ठोका म्हणजे खून. दोन-दोन म्हणजे चोर. तीन-तीन म्हणजे आग, आणि चार-चार म्हणजे नदी चढली. दोन ऐकले की माणसं हाताला लागेल ते घेऊन धावत, विळा म्हणू नका, बांबू म्हणू नका. तीन ऐकले की बादल्या घेऊन. त्यात विचार करायला कुणी थांबत नसे. पायच ठरवत.

त्या रविवारी श्रमदान होतं. झाडून सगळे पुरुष वरच्या अंगाला पाटातला गाळ उपसत होते. चौकीत त्यांच्यासाठी चहा-फराळ करायची पाळी वुर्यानीची आणि म्बा पाइनेमची होती. पाइनेम कुणाची सख्खी आजी नव्हती, पण सगळी वस्ती तिला म्बा, म्हणजे आजीच म्हणायची. म्हातारी कढईपुढे बसली होती. वुर्यानी साबुकंद सोलत होती. अजून एकही दात न फुटलेली गेंदिस तिच्या छातीशी झोळीत झोपली होती. झोपेतही आईच्या सदऱ्याचं बटण तिने मुठीत धरून ठेवलं होतं.

चौकीशेजारी बांबूचं फाटक होतं. ते पाक तुकिरानच्या डोक्यातून निघालेलं; मानाच्या पुरुषाला तिथे 'पाक' म्हणत. पाक तुकिरान म्हणजे वस्तीसाठी नेमलेला पोलीस. सुटलेल्या पोटाचा आणि गोडघाशा. बांबू घरटी गोळा झाले होते, कुलूप त्याने स्वतः आणलं होतं. श्रमदानाच्या दिवशी घरं मोकळी पडतात, म्हणून पुरुष पाटावर गेले की फाटक बंद करायचं आणि किल्ली चौकीत ठेवायची, असं ठरलं होतं. वस्तीला तेवढी एकच वाट. तिचं दुसरं टोक पाटावर निघायचं.

तुकिरान इथे येऊ लागला त्याला एक शेळी कारण झाली होती. मागल्या वर्षी शेजारच्या वस्तीत शेळी चोरताना एक जण सापडला. ठोके इथवर ऐकू आले. इथलेही पुरुष धावले. पोलीस पोचले तेव्हा चोर बोलण्याच्या पलीकडे गेला होता, आणि दवाखान्याच्या वाटेतच संपला. दोघांना नेलं, बाकीच्यांची चौकशी अजून चालूच होती.

त्या दिवशी वुर्यानीचा नवरा सुगेंग घरी आला. अंगातला सदरा काढून त्याने विहिरीपाशी टाकला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. वुर्यानीने सदरा धुतला. पाणी पुन्हा पुन्हा बदलावं लागलं. तिने नवऱ्याला काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. गेंदिस तेव्हा पोटात होती.

पुढे तुकिरान दर रविवारी येऊन बसू लागला. डॉमिनो खेळायचा, हरायचा, आणि हरता हरता सांगायचा, "मला चोर जिवंत पाहिजे हं. मेलेला चोर माझ्या काय कामाचा? तो मेला, की मग मला तुमच्यातलेच कुणीतरी न्यावे लागतात."

"मग काय पाक, त्याला चहा पाजू?" कुणीतरी टोमणा मारायचा.

"पाजा की. साखर सढळ हाताने घाला, मला घालता तशी."

सगळे हसायचे. सुगेंग हसायचा नाही. तो सोंगट्या लावत राहायचा.

तर त्या रविवारी, म्हातारी कढईत दुसरा घाणा सोडत होती तेव्हा, मोटारसायकलवरून एक माणूस फाटकाशी आला. बाहेरून नव्हे, आतून. फाटक लागायच्या आधीच शिरला असणार. मागे दोरीने गॅसचा छोटा हिरवा सिलिंडर बांधलेला.

"म्बाक, जरा फाटक उघडता का? गॅस पोचवायचाय पुढे."

'ताई' म्हणावं तसं तो 'म्बाक' म्हणाला, आणि आवाज इतका अदबशीर, की वुर्यानीचा हात सवयीने किल्लीकडे गेलासुद्धा. मग तिची नजर सिलिंडरवर पडली. त्याच्या कडीला निळ्या-तपकिरी नक्षीची एक चिंधी बांधलेली होती. वस्तीत सगळ्यांचे सिलिंडर सारखेच दिसतात, म्हणून तिनेच बांधली होती, झोळीच्या कापडाची उरलेली पट्टी फाडून.

पाइनेमने झोळीकडे पाहिलं, चिंधीकडे पाहिलं, पुन्हा झोळीकडे पाहिलं.

"अगं न्दुक," म्हातारी म्हणाली. लेकीसुनांना ती न्दुकच म्हणायची. "हा गॅस तर तुझाच!"

माणसाचा चेहरा पडला. त्याने गाडी वळवली, पण त्या वाटेने पाटाकडेच जाता येत होतं, आणि तिकडून फावड्यांचा आवाज येत होता. गाडी कलंडली. सिलिंडर गडगडत गटाराला जाऊन टेकला. तो उठला, दोन्हीकडे पाहिलं, आणि समोरच्या सार्वजनिक न्हाणीघरात शिरून त्याने आतून कडी घातली.

वुर्यानीच्या मनात आलं, उघडावं फाटक, ओरडून सांगावं त्याला, जा बाबा, सिलिंडरही घेऊन जा. पण तो आता बाहेर येणार नव्हता. तिने तुकिरानला फोन लावला.

"निघालोच आहे, पुलापाशी पोचलोय," तो म्हणाला. मागे हॉर्न वाजत होते. "म्बाक वुर, मी येईपर्यंत त्याला सांभाळा. हात लावू देऊ नका कुणाला."

सांभाळा म्हणे. हा काय परक्याचा पोर आहे सांभाळायला!

"फोन कसला करतेस, वाजव!" पाइनेम गुडघ्यावर हात देत उठली होती. "पळाला म्हणजे? ज्याने पाहिलं त्याने वाजवायचं, नियम आहे. नाहीतर आपणच त्याला सामील म्हणतील. तुला जमत नसेल तर आण इकडे तो दांडका."

म्हातारीचा हात दांडक्यापर्यंत पोचलाच होता. तिने वाजवले असते तर दोन-दोनच वाजवले असते. वुर्यानीला पाटावरची माणसं दिसत नव्हती, पण त्यांच्या हातात आज काय काय आहे ते तिने सकाळी मोजूनच दिलं होतं. सुगेंगचं फावडं तर तिने स्वतः दगडावर घासून दिलं होतं.

तिने दांडका ओढून घेतला आणि वाजवला. तीन. तीन. तीन.

पहिल्याच ठोक्याला गेंदिस दचकून जागी झाली. ओठ काढून रडायच्या बेतात होती, पण आई हलतेय आणि तिच्याबरोबर आपणही हलतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि ती रडायचं विसरली.

"अगं वेडे, आगीचे वाजवतेयस!"

"माहीत आहे, म्बा."

म्हातारी तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिली. मागे कढईतला घाणा काळा पडत होता.

सगळ्यात आधी आला सुगेंग. चिखलाने बरबटलेला, हातात गाळाची बादली, त्यात अर्धं पाणी, अर्ध्या गोगलगायी. "गेंदिस!" वळणापासूनच तो ओरडत होता. "गेंदिस कुठेय?" आग चौकीकडे आणि चौकीत आपली लेक, एवढंच त्याला सुचलं होतं. फावडं वाटेत कुठे टाकलं, ते त्याला नंतर आठवलंही नाही.

त्याच्यामागून बाकीचे. बादल्या, घमेली, एकाकडे नुसतं पातेलं.

"कुठाय आग?" गल्लीप्रमुख पाक सुमार्नोने धापा टाकत विचारलं.

वुर्यानीने उत्तर द्यायच्या आधी कुणाची तरी नजर कलंडलेल्या गाडीवर गेली, मग सिलिंडरवर, मग बंद न्हाणीघरावर.

"चोर आहे रे आत!"

बादल्या जमिनीवर टेकल्या. एकाने कुंपणाचा बांबू उपटला. सुगेंगने लेकीला डोळे भरून एकदा पाहिलं आणि तो वळला. खांदे मारायला निघाल्यासारखे उचलले गेले होते. ते खांदे वुर्यानी ओळखत होती.

"गेंदिसचे बाबा," ती म्हणाली, "धरा हिला."

"आत्ता?"

"माझे हात भरून आलेत. धरा."

आणि धरायची वाट न बघता तिने पोर झोळीतून काढून त्याच्या छातीवर ठेवलं. सुगेंगचे दोन्ही हात आपोआप वर आले. गेंदिसने त्याचा चिखलाचा कान पकडला आणि तोंडात घालायला ओढू लागली.

तो तसाच उभा राहिला. खाणीवर दगड फोडणारा, वस्तीतला सगळ्यात दांडगा गडी. तो पुढे जाईना तेव्हा बांबूवालाही घुटमळला. पाक सुमार्नो दोनदा खाकरला. मग एका टारगटाने आपली बादली न्हाणीघराच्या भिंतीवरून आत रिकामी केली. आतून किंकाळी आली, आणि पाठोपाठ चोराचा रडवेला आवाज, "अहो, गोगलगाय आहे! पाठीत गेली!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं हसलं. मारायला आलेली माणसं एकदा हसली, की त्यांना पुन्हा मारायला लावणं अवघड असतं.

तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजला. पाक तुकिरान घामाघूम होऊन बांबूंमधून आत बघत होता. त्याच्याच कल्पनेच्या फाटकाने त्याला बाहेर ठेवलं होतं. वुर्यानीने किल्ली घेतली आणि कुलूप काढलं.

त्याने न्हाणीघराच्या दाराशी जाऊन आपलं नाव सांगितलं. कडी निघाली. चोर निथळत बाहेर आला, सगळ्यांच्या पायांकडे बघत. तुकिरानने त्याला चौकीच्या फळीवर बसवलं.

"आता राहिलं एकच," पाक सुमार्नो म्हणाला. "खोटी आग कुणी वाजवली? नियम म्हणजे नियम. वाजवणाऱ्याने पुढच्या सगळ्या गस्तीला फराळ घालायचा."

"मीच वाजवली," वुर्यानी म्हणाली. "धूर दिसल्यासारखं वाटलं."

"दिसल्यासारखा?" म्बा पाइनेम कढईकडे बोट दाखवत कडाडली. "हा काय अगरबत्तीचा आहे? आख्खा घाणा जळाला माझा! पोरीने आग नाही तर काय लग्नाची वरात वाजवायची?"

पुन्हा हशा झाला. तुकिरान हसला नाही. चहाचा पेला हातात घेऊन तो क्षणभर वुर्यानीकडे बघत होता. मग त्याने आणखी एक पेला भरला, त्यात दोन चमचे साखर जास्त घातली आणि चोरापुढे ठेवला.

दंड मात्र माफ झाला नाही. पुढे गस्तीची पाळी येईल त्या प्रत्येक घराला वुर्यानीने टोपलीभर साबुकंद तळून पोचवले. म्हातारीने त्यातले निम्मे सोलून दिले.

त्या दिवशी घरी आल्यावर सुगेंगने गेंदिसला वुर्यानीकडे दिलं. सदऱ्यावर चिखल होता, गेंदिसची लाळ होती, कॉलरला गोगलगायीचा चकचकीत माग होता. त्याने सदरा काढला. वुर्यानीने घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला.

आणि विहिरीवर गेला. ती दारात बसून पोरीला पाजत होती. तिथून दोराचा आवाज ऐकू येत होता, एक बादली, मग आणखी एक. धुणं त्याला येत नव्हतं. साबण नीट न निघालेला तो सदरा त्याने उलटाच वाळत घातला, आणि संध्याकाळपर्यंत तो पापडासारखा कडक झाला. दुसऱ्या दिवशी तो तसाच घालून खाणीवर गेला.