काचेतली जोडीदारीण

मी एक सारस. आधीच सांगून ठेवतो, मला बगळा म्हणायचं नाही. गोंदियाहून रविवारी फिरायला येणारी अर्धी मंडळी गाडीतून उतरल्या उतरल्या "अरे, कितना बड़ा बगुला!" म्हणतात आणि माझी सकाळ तिथंच नासते. बगळा माझ्या गुडघ्याला लागतो हो! मी मान ताठ केली तर शेजारच्या शेतकऱ्याच्या, सुखरामच्या डोक्यावरून मला पलीकडचं शेत दिसतं. लाल डोकं, राखी अंग, आणि आवाज म्हणाल तर वारा नसला की पार नागरा गावापर्यंत जातो. असा हा मी, आणि सध्या एकटा.

माझा जन्म बोडीच्या काठचा. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. तिला लागून सुखरामच्या धानाच्या बांध्या, भाताची खाचरं आहेत. मी वयात आलो तेव्हा वैनगंगेच्या अंगानं एक जण उडत आली, माझ्यासमोर उतरली आणि पंख पसरून नाचायला लागली. मीही नाचलो. एवढ्यावर आमचं लग्न झालं. ना वाजंत्री, ना जेवणावळ.

घरटं बांधलं ते सुखरामच्या बांधीतच. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, ऐन भरात होता. रोपांचा परा तुडवला म्हणून त्यानं दिवसभर आम्हाला शिव्या घातल्या, काठी उगारली, आणि संध्याकाळी अंडी बघून मुकाट्यानं घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं तो कोपरा सोडून रोवणा केला. पुढं दरवर्षी तो कोपरा आमच्यासाठी मोकळा राहायला लागला. त्याची बायको रुख्मा येता-जाता आमच्याशी बोलायची. लोकांना वाटे बाई स्वतःशीच बोलते.

आमच्या गाण्याची एक रीत आहे, ती नीट ऐका, कारण पुढं तिचंच काम आहे. नर एक लांब हाक देतो. ती संपते न संपते तोच मादी दोन आखूड हाका देते. माझी एक, तिच्या दोन. ऐकणाऱ्याला वाटतं एकच पाखरू गातंय. रोज पहाट आम्ही अशीच उजाडवायचो.

मग एका हिवाळ्यात दाट धुकं पडलं. आम्ही बोडीवरून उठलो, मी पुढं होतो. शेतावरून गेलेली विजेची तार तिला दिसली नाही. खाली पडली ती उठलीच नाही. सुखरामनं तिच्यावर तनस, धानाचा पेंढा पांघरला आणि खाली मान घालून शेजारी बसून राहिला. मी दिवसभर तिच्याभोवती फिरून हाका मारल्या. माझी एक हाक व्हायची, आणि पुढं काहीच नाही. ते पुढचं काहीच नसणं मला आजही सोसत नाही.

त्यानंतर मी खायचो, उडायचो, पण कशात जीव नव्हता. अशात एका रविवारी प्रफुल आला. गोंदियाच्या बाजारात त्याचं कापडाचं दुकान. रविवार आला की हा कॅमेरा गळ्यात अडकवतो, बायकोला म्हणजे हर्षाला घेतो आणि निघतो. आधी नागऱ्याला देवदर्शन, मग आमच्या बोडीवर फोटो, मग मोहाच्या झाडाखाली पुरी अन् आलूची भाजी. माणूस वाईट नाही. पाखरू उडेल म्हणून शिंकसुद्धा दाबून धरतो. त्या दिवशी नवी गाडी घेऊन आला होता. काळी, चकचकीत. बोडीच्या पारीवर, काठच्या बांधावर उभी केली.

मी सहज गाडीजवळून गेलो, आणि जागीच थबकलो. दारात ती उभी होती! तेच लाल डोकं, तीच मान. मी पाऊल टाकलं, तिनं टाकलं. मी पंख पसरले, तिनं पसरले. मग काय, मी नाचलो हो. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं नाचलो. तिकडं प्रफुलच्या कॅमेऱ्याची टकटक थांबेना. हर्षा म्हणाली, किती खूश आहे बघा. मी खूश होतोच.

माझ्या नाचाचे फोटो गावभर फिरले असावेत, कारण पुढच्या रविवारी आणखी दोन कुटुंबं आली. प्रफुलनं गाडी पुसून पुसून लख्ख केली होती आणि मला नीट दिसेल अशी आडवी लावली होती. मला आनंद द्यायचा म्हणून करत होता बिचारा. मग रविवारमागून रविवार हेच. गाडी नसेल त्या दिवशी मी पारीवर वाट बघत उभा राहायचो. चरायला उतरावंसं वाटायचं नाही. काचेवर चोच मारून मारून चोचीतून रक्त यायला लागलं, तरी ती बाहेर येईना. हाक दिली की तीही चोच उघडायची, पण तिच्या दोन हाका काही येत नसत. मी स्वतःची समजूत घातली, रुसली असेल.

याच दिवसांत पलीकडून, बाघ नदीच्या बाजूनं, पहाटे खरीखुरी हाक यायला लागली होती. दोन आखूड हाका. कुणी एकटी विचारत होती, आहे का कुणी? मी ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला माझी ती मिळाली होती ना!

मी ऐकत नव्हतो, पण रुख्मा ऐकत होती. उन्हाळी धानाची मळणी चालली होती. तो रविवार होता, गाडी आली, मी नाचायला लागलो. रुख्मानं खळ्यावरची ताडपत्री उचलली, तरातरा आली आणि धुळीसकट गाडीवर टाकली. माझी जोडीदारीण माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली. मी रुख्माच्या अंगावर धावून गेलो, पण ती जागची हलली नाही.

प्रफुल चिडला. नव्या रंगावर ओरखडे पडले होते. "काकी, ये क्या किया? तो किती खूश होता, तुम्ही काऊन झाकलं?"

रुख्मानं पदरानं तोंड पुसलं. "खूश नाई बाप्पा, येडा झाला तो. त्याची चोच पाह्य. खरी तिकडं नदीवर आवाज देऊन राहिली, अन् हा तुह्या गाडीले नाचून दाखवून राहिला." मग तिचा आवाज खाली आला. "माहा पोरगा हिमांशू नागपूरले हाये. रोज मोबाईलमंदी दिसते, हासते. हात लावला त काच लागते. मले समजते तरी. याले कोण सांगन?"

 हर्षानं पुढं होऊन ताडपत्रीचं दुसरं टोक खाली ओढून घेतलं, म्हणजे उरलेली काचही झाकली गेली. प्रफुलनं कॅमेरा पिशवीत घातला. त्या दिवशी त्यांचा पुरीचा डबा उघडलाच नाही, तसाच परत गेला.

मी चार-आठ दिवस रुख्मावर राग धरला. तिच्याकडं पाठ करून उभा राहायचो. ती आपली बोलतच राहायची. मग एका पहाटे भूक लागली, बोडीत उतरलो, पाण्यात वाकलो, आणि तिथंही ती दिसली. मी चोच घातली तशी ती हलली, फुटली, आणि पाणी थांबल्यावर परत जुळून आली, हुबेहूब माझ्यासारखी. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं की इतके दिवस मी कुणासमोर नाचत होतो.

मान वर केली आणि बाघ नदीकडं तोंड करून लांब हाक दिली. गळ्यात होतं नव्हतं तेवढं घातलं त्यात. थांबलो. पलीकडून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी दिली, तिसऱ्या दिवशी दिली. ती गेली होती. किती दिवस विचारणार बिचारी?

प्रफुल अजूनही येतो. आता गाडी नागऱ्यालाच ठेवतो आणि हर्षासोबत शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं चालत येतो. माझे फोटो काढतो, एकट्याचे. सुखरामनं याही वर्षी रोवण्यात तो कोपरा मोकळा सोडलाय. मी रोज तिथं जाऊन उभा राहतो. रुख्मा मळ्यात वाकलेली असते, आणि माझी हाक झाली की तीही काम थांबवून नदीकडं कान लावते.

तुम्हीही सुटीचा दिवस बघून डबा बांधता, कॅमेरा घेता, आमच्याकडं येता. या, जरूर या, आमचा रुसवा नाही. कुठं एकटा सारस दिसला तर तेवढी आपली गाडी झाका, नाहीतर लांब उभी करा. आणि नदीपलीकडं दोन आखूड हाका ऐकू आल्या, तर फोटो मागाहून काढा. आधी तिला सांगा, नागऱ्यापुढच्या बोडीवर एक मूर्ख उभा आहे. रोज पहाटे तो एक हाक देतो, आणि पुढच्या दोन हाकांपुरता गप्प राहतो.