देणाऱ्याचं नाव

पिंजणाच्या तारेवर कापूस थरथरत होता आणि त्या थरथरीच्या आतून कुणीतरी गात होतं.

मेहबूबला तो आवाज अजून तसाच ऐकू येतो. जळगाव जामोदच्या पिंजारगल्लीत लग्न होतं. वरात वेशीवरच अडकलेली, आणि बापाच्या बँडमधली माणसं लाल कोटाच्या गुंड्या सोडून निंबाच्या सावलीत आडवी झालेली. भिंतीपलीकडं एक पोर नवरीची गादी भरत होती, शिवत होती आणि शिवता शिवता गात होती. ओळीच्या ऐन मध्ये आवाज थांबायचा. दोरा दातानं तोडायचा असायचा. मग जिथं सोडला तिथूनच सूर उचलायचा, जसा काही तोही सुईतच ओवलेला. मेहबूबनं मांडीवरची क्लॅरोनेट ओठाला लावली आणि ऐकलं तसंच वाजवलं, त्या थांब्यासकट. पलीकडं चिडीचूप झालं. मग खुदकन हसू आलं, आणि मग, मुद्दाम, पुढची ओळ.

तीच चाल चोरल्याचा आळ आज त्याच्यावर होता, आणि चौकशी त्याच्याच अंगणात बसली होती.

"मेहबूबा, चहा मंग पेऊ. आंधी बोलनं होऊ दे," उकंडराव म्हणाले. उकंडराव म्हणजे भोवतालच्या सगळ्या बँडवाल्यांत वडीलधारे. ट्रम्पेट फुंकून फुंकून गाल आत गेलेले, पण शब्द अजून खणखणीत. मेहबूबच्या बापाच्या हाताखाली ते शिकले होते.

"चहा पेला तं बोलनं गोड होते ना बुवा," जाकीर म्हणाला. हा मेहबूबचा भाचा, त्याच्याच गुलशन ब्रास बँडचा साइड ड्रमवाला. तोंड त्याचं ड्रमपेक्षा जोरात वाजायचं.

"तू गप बस बे. तुह्या मामूची इज्जत पणाले लागली, अन् याले साखर सुचून राह्यली."

धामणगाव बढ्याच्या त्या अंगणात आजूबाजूच्या गावांचे बँडमास्तर सतरंजीवर बसले होते. तुळशीची लग्नं तोंडावर आलेली. लग्नसराईआधी त्यांची अशी बैठक दरवर्षीच व्हायची, पण यंदा ती मेहबूबच्या दारात भरली, कारण ज्याच्यावर बोट उठतं त्याच्याच घरी बसायचं, त्याचंच पाणी प्यायचं आणि मगच त्याला विचारायचं, अशी रीत.

आणि सगळ्यांपासून जरा बाजूला, प्लास्टिकच्या खुर्चीत, प्रज्वल बसला होता. जळगाव जामोदचा पोरगा, पुण्यात गाणारा. त्याचं एक गाणं वर्षभर घराघरात, टपऱ्याटपऱ्यांवर वाजत होतं. उन्हाळ्यात कुण्या लग्नघरानं गुलशन बँडच्या पाठवणीचा व्हिडिओ टाकला, तो लाखभर लोकांनी पाह्यला, आणि प्रज्वलच्या कंपनीनं तो त्या गाण्याची नक्कल म्हणून उतरवायला लावला. तेव्हापासून गावोगावची पोट्टी बँड दिसला की ओरडायची, "काऊन मास्तर, चोरीचा माल आनला काय?" मागच्या महिन्यात मोताळ्याच्या एका नवरीच्या बापानं हात जोडून सांगितलं होतं, तेवढी पाठवणी नोका वाजवू, पाव्हणे हसतात. मेहबूबनं वाजवली नव्हती. नवरी गाडीत बसली, गाडी गेली, आणि बँडवाले रिकाम्या हातानं उभे राह्यलेल्या सोयऱ्यांसारखे उभे राह्यले.

या मुलखात प्रत्येक बँडची आपली एक पाठवणी असते. वरातीत तुम्ही काहीही वाजवा, सिनेमाचं वाजवा, नागीण वाजवा, कुणी विचारत नाही. पण नवरी उंबरा ओलांडताना वाजते ती चाल त्या बँडची एकट्याची. दुसऱ्यानं तिला ओठ लावायचा नाही. आणि ती चाल कुणापासून मिळाली ते नाव मास्तरनं बैठकीत उच्चारायचं. बापानं दिली असेल तर बापाचं, उस्तादानं दिली असेल तर उस्तादाचं. जिच्या देणाऱ्याचं नाव नाही ती चाल चोरीची. मग बाजा जमिनीवर ठेवायचा आणि त्या चालीला मुकायचं.

गुलशनच्या पाठवणीत मधेच एक थांबा होता. जाकीरच्या काड्या हवेत, क्लॅरोनेट मुकी, आणि त्या एका श्वासात नवरी पाय उचलायची. आयाबाया आधीच सांगून ठेवायच्या, "बाजा थांबला का पाय टाकजो वं." किती घरांतल्या लेकी त्या थांब्यातून सासरी गेल्या याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. प्रज्वलच्या गाण्यातही तो थांबा होता, अगदी त्याच जागी.

"काका, मी भांडायला नाही आलो," प्रज्वल म्हणाला. पुण्याची मराठी आणि जळगावची, दोन्ही त्याच्या जिभेवर एकमेकींना ढकलत होत्या. "कंपनीनं केलं ते, मला नंतर कळलं. पण चाल मी कुणाची ऐकून नाही केली. एक दिवस पेटीवर बसलो अन् ती आपोआप आली."

"आपोआप कशी येईन बे?" जाकीर उसळला. "तुह्या पुष्पांजलीताईच्या लग्नात पाठवनी आमचीच होती. तू बहिनीचा पदर धरून असा रडून राह्यलता, का माह्या ड्रमले शेंबूड पुसला व्हता!"

सगळे हसले. प्रज्वलही हसला, पण हसता हसता त्याचा चेहरा उतरला. 

"असेल," तो हळू म्हणाला. "असेल तसं. मला आठवत नाही, पण... असेल."

अंगणात जरा सैल वारा सुटल्यासारखं झालं. पण उकंडराव हलले नाहीत.

"पोट्टं कबूल करून राह्यलं, चांगली गोठ हाये. पन आपल्या रितीचं काय? मेहबूबा, तुह्या बापाची पाठवनी मी सोता वाजवेल हाये. ही ते नाई. मांगं जव्हा जव्हा तुले विचारलं तव्हा तू म्हने, घरातून भेटली. आमाले वाटलं, बापानं मरता मरता देली असंन. आज नाव पाह्यजे."

मेहबूबनं मान वळवली नाही. पण मागच्या खोलीच्या दाराला लावलेला पडदा त्याला पाठीला जाणवत होता. पडद्यामागं त्याची बायको, सायरा, कापूस भरत बसली होती. कापूस दाबतानाचा तो हलका धपधप आवाज इतका वेळ येत होता. आता बंद झाला.

भिंतीपलीकडून क्लॅरोनेटनं उत्तर दिलं ते त्या दिवशी पिंजारगल्लीतल्या सगळ्यांनीच ऐकलं होतं. रहमान पिंजाऱ्याची धाकटी बँडवाल्यासंगं गाते, अशी कुजबुज चुलीचुलीला झाली. बापानं सायराशी बोलणं टाकलं. दोन वर्षांनी लोकांची तोंडं बंद करायला तिला त्याच बँडवाल्याला देऊन टाकलं, पण बोलणं दिलं नाही. लग्नाच्या पहिल्या रात्री सायरा मेहबूबला म्हणाली होती, "चाल तुमाले देली. गावोगाव वाजवा. पन माह्यं नाव कोन्या तोंडी नाई आलं पाह्यजे. अब्बा जिते हायेत." मेहबूबनं मान डोलावली होती. पुढं अब्बा गेले. सायरानं शब्द परत घेतला नाही, मेहबूबनं मागितला नाही. तो वाजवत राह्यला. पोरगी अलीजा सासरी निघाली तेव्हाही त्यानंच वाजवलं, आणि थांबा आला तेव्हा आत उभ्या असलेल्या सायराचे ओठ हलताना त्यानं एकट्यानं पाह्यले. चालीला शब्द होते हे आता साऱ्या मुलखात त्या दोघांनाच आठवत होतं.

"मी एक सुचवू का?" प्रज्वल पुढं सरकला. "वाद कशाला? आपण म्हणू हे लोकगीत आहे. पारंपरिक. कुणाचंच नाही, सगळ्यांचं. मी कंपनीला तसं कळवतो. तुमचा व्हिडिओ परत येईल, तुम्ही वाजवा, मी गातो. चोरीचा विषयच संपला."

मास्तरांमध्ये माना हलल्या. कुणीतरी म्हणालं, "पोरगं शहानं हाये." उकंडरावांनी हनुवटी खाजवली.

"होऊ शकते. बायांची जुनी गानी असतात तशी असली तं देनाऱ्याच्या नावाची गरज नाई. रितीलेही धक्का नाई. काय मेहबूबा? हाव म्हन, अन् चहा बोलाव."

जाकीरनं मामूच्या गुडघ्याला गुडघा लावला. "म्हना ना मामू. एका शब्दाचं काम हाये."

खरंच एका शब्दाचं काम होतं. सायराचं नावही झाकलेलं राह्यलं असतं, बँडचंही टिकलं असतं. मेहबूबनं तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांपुढं ती भिंत आली, भिंतीवरचं ऊन आलं, आणि गादीवर वाकलेली ती पोर, जिला त्यानं तेव्हा पाह्यलंही नव्हतं. कुणाचंच नाही?

"नाई," तो म्हणाला.

"काय नाई?"

"लोकगीत नाई. तिले बनवनारं मानूस हाये."

"मंग सांग नाव."

"नाव नाई सांगता येत, भाऊ. जबान देल हाये."

"अबे पन—" उकंडरावांचा आवाज चढला आणि मधेच मऊ झाला. "मेहबूबा, तू माह्या उस्तादाचा पोरगा हायेस. ह्या पायावरून तुले खेळवेल हाये. नाव नाई म्हनशीन तं बाजा खाली ठेवा लागते, माहीत हाये ना तुले? मंग ह्या जल्मात ते पाठवनी तुले वाजवता नाई येत."

"माहीत हाये."

"अन् लोक चोर म्हनतीन."

"म्हनू द्या. मी चोर नाई हे जिले माहीत पाह्यजे तिले माहीत हाये."

तो बोलून गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं, आपण 'जिले' म्हणालो. पण कुणी ते धरलं नाही. त्यानं कोपऱ्यातली क्लॅरोनेट उचलली. ती जोडलेलीच होती. जुन्या लाकडावर बोटांच्या जागा गुळगुळीत झाल्या होत्या. लेकराला झोपवताना ठेवावं तशी त्यानं ती दोन्ही हातांनी सतरंजीच्या कडेला, सारवलेल्या मातीवर ठेवली. त्याची पाठ ताठ होती. जाकीरनं तोंड फिरवलं. प्रज्वल खुर्चीतून उठून उभा राह्यला, त्याला बसवेना.

पडदा सरकला.

सायरा बाहेर आली. डोक्यावर पदर, भुवयांवर कापसाचे धागे, म्हणून जरा जास्तच म्हातारी दिसणारी. पुरुषांच्या बैठकीत ती कधी आली नव्हती. आत्ताही ती उंबऱ्याजवळच थांबली.

"वयनी, हे बाजावाल्यायचं काम हाये," उकंडराव संकोचून म्हणाले.

"हाव भाऊ. म्हनूनच आली." ती प्रज्वलकडं वळली. "तुह्यं गानं मी आयकलं, बापू. अलीजानं फोनवर लावून देल्लं. आवाज चांगला हाये तुहा. तव्हा मले राग नाई आला. आता आला."

"मावशी, मी—"

"तू चाल घेतली त्याचा नाई. पोरगं रडता रडता आयकते, त्याच्या पोटात राह्यते, मंग कधी तरी निंगते. ते काय चोरी हाये? पन तू तिले कोनाचीच नाई म्हनला. बिनमायची नोको म्हनू तिले."

आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं डोळे मिटले. आवाज पहिल्यांदा फाटला. तिनं तो पुन्हा धरला. वयानं खरखरीत झालेला, पण वळणं तीच.

बापानं पिंजला कापूस, मायनं घातला टाका,
बहिनी, तुह्या गादीत भरल्या आमच्या हाका.

थांबा आला. अंगणातल्या साऱ्या मास्तरांचा श्वास आपोआप अडला. जन्मभर त्याच जागी अडत आला होता. मग पुढची ओळ आली.

उशीले कान लावजो जव्हा सासर निजीन,
कापसाच्या पोटातून माहेर तुले बोलीन.

 जाकीरची बोटं मांडीवर ठेका धरून तशीच थबकली होती. प्रज्वलनं बाहीनं डोळे पुसले आणि लहान पोरासारखा मटकन खाली, मातीतच बसला. मेहबूब मात्र मान वर करून सगळ्यांकडं पाहत होता, एकेका मास्तराच्या चेहऱ्याकडं. जन्मभर एकट्यानं जे ऐकलं ते आज ही माणसं ऐकत होती, आणि त्याला वाटत होतं की बघा, बघा, नीट बघून घ्या.

उकंडरावांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. रीत पुरी करायची तर प्रश्न विचारायलाच हवा होता, आणि तो मास्तरलाच विचारायचा होता.

"गुलशन बँडचे मास्तर मेहबूब, तुमची पाठवनी तुमाले कोनापासून भेटली?"

 मेहबूबनं सायराकडं पाह्यलं. दिलेला शब्द अजून त्याच्याकडंच होता.

"त्यायले नोका विचारू, भाऊ," सायरा म्हणाली. "त्यायनं माह्यं आयकलं, आता तुम्ही आयका. ते चाल मी केली. माह्या मोठ्या बहिनीची गादी शिवता शिवता केली. सायरा नाव हाये माह्यं. सायरा, जळगावच्या रहमान पिंजाऱ्याची लेक."