रस्त्यालगतची चौथी पट्टी

संकरित मक्याचे बियाणे एकाच पिशवीतले होते, टोकणारा हात एकच होता आणि सकाळही एकच. तीन पट्ट्या वीतभर उंच झाल्या. रस्त्यालगतच्या चौथीत एकही कोंब वर आला नाही.

माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करणारी थोरली बहीण माहेरी आली, तेव्हा आई भांडी पुसत होती आणि दोष कुणाचा याचा निकाल लागूनही गेला होता.

"तुझ्या वहिनीला हातगुणच नाही. पोटात राहिलेलं टिकलं नाही, मातीतलं काय टिकणार?"

सून दारातच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

"मग बाकीच्या तीन पट्ट्या कुणी टोकल्या, आई? शेजारच्या काकूंनी?"

"शिकलीस म्हणून सगळ्यात तोंड घालू नकोस."

तेवढ्यात भाऊ रस्त्यावरून तणतणत आला. कुणीतरी त्याला विचारले होते, "काय राव, मका लावलाय की विमान उतरवायचंय?" त्याने बायकोला दंडाला धरून फरफटत चौथ्या पट्टीत नेले. कुंपणापाशी माणसे थबकली.

"काढ बी वर! सगळ्यांना बघू दे तुझं कर्तृत्व."

तिने बोटांनी माती उकरली. पहिले बी निघाले, मग दुसरे. बहिणीने खाली वाकून ती तळहातावर घेतली. बी फुगले होते, म्हणजे ते जिवंत होते. मूळही फुटले होते, पण टोक तपकिरी पडून करपले होते. माती नाकाशी नेताच डोळ्यांत पाणी आणणारा उग्र दर्प आला.

"खत कुणी टाकलं?"

"मीच. खताला बायकांचा हात लागू देत नाही आपण."

"किती?"

"इथे चौपट. लोकांच्या नजरेसमोरची पट्टी ही! हायब्रिडची भूक मोठी असते, ताई."

"आणि टाकलंस कुठे? बी पडतं त्याच सरीत?"

"मग काय डोक्यावर टाकू?"

"खत वाढवलं की मका वाढतो, पण एका मर्यादेपर्यंत. पुढचं खत वाया जातं. आणि इतका युरिया बियाला खेटून पडला, की ओलीत त्याचा अमोनिया होतो आणि कोवळं मूळ जळतं. बाकीच्या पट्ट्यांत खत बेताचं होतं, म्हणून त्या वाचल्या. वहिनीचा यात काडीचाही दोष नाही."

कुंपणापलीकडे कुणीतरी फिसकन हसले.

येथे गोष्ट संपायला हवी होती. संशय फिटला होता, पुरावा तळहातावर होता. भावाने बहिणीकडे पाहिले, हसणाऱ्याकडे पाहिले, आणि कुदळीचा दांडा उचलून बायकोवर घातला. तिने डोके वाचवायला हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज बारीक असतो; तो कुंपणापर्यंत स्पष्ट गेला. दुसरा घाव तिच्या पाठीवर बसला. तिसरा मध्ये पडलेल्या बहिणीच्या खांद्यावर. "हसतात मला! तुझ्यामुळे हसतात!" तो ओरडत राहिला. कुंपणावरून एकही माणूस आत आला नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुनेचे सुजलेले मनगट हळूच उचलले. "कशानं झालं?"

"घसरली हो," आई घाईने म्हणाली. "ओल्या फरशीवर." आणि लेकीच्या कानाशी लागली, "घरातलं घरात राहू दे. सख्खा भाऊ आहे तुझा. हिला तरी दुसरं घर कुठे आहे?"

"माझं आहे," बहीण मोठ्याने म्हणाली. "वहिनी, तिथे चल. आता बोल."

सुनेने मान वर केली. "फरशी नव्हती," ती म्हणाली. "नवऱ्यानं मारलं."

"मी समोर होते," बहीण म्हणाली. "पोलिसांनाही हेच सांगणार आहे."

डॉक्टरीणबाईंनी आईकडे पाहिले. आईने भिंतीकडे तोंड फिरवले.

"पण कारण काय झालं मारायला?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

बहिणीला तो दर्प आठवला, करपलेले मूळ आठवले. पण ते बियाच्या मरणाचे कारण होते, या माराचे नव्हे. वहिनी निर्दोष ठरल्यावरच तर दांडा उठला होता.

"कारण तो मारू शकत होता," ती म्हणाली, "आणि त्याला कुणी अडवत नव्हतं."